हीटरची बंद केलेली नळी

धुळ्याच्या गॅरेजवाल्या चाचांमुळे माझी नोकरी वाचली; इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर वास आला की ते आठवतात. आठवीत शाळा सोडलेला मी पुढे गाडी शिकून कोकणातून धुळ्याजवळच्या नरडाण्याला एका कारखानदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागलो, आणि पहिल्याच थंडीत गाडीचा हीटर गार हवा फेकू लागला. माझ्याआधी ही गाडी चालवणारा आणि आता कारखान्याच्या टेम्पोवर असलेला जुना ड्रायव्हर मालकांना अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मन्हा हातमा ते चांगला व्हता, या कोकण्यानीच बिघाडा." मालक म्हणाले, "नीट करून आण, नाहीतर गावी जा." घरी काय सांगू या धास्तीने मी धुळ्याला चाचांचे गॅरेज गाठले. चाचांनी बॉनेट उघडले आणि हसले. "बेटा, हीटरला इंजिनाचं गरम पाणी येतच नाही. उन्हाळ्यातही आत गरम हवा येते म्हणून तुमच्या जुन्या ड्रायव्हरनेच ही नळी माझ्याकडून बंद करून घेतली." नळी जोडताच ऊब आली. ते मालकांना फोन लावू लागले, मी म्हटले, "आत्ता नको चाचा, सगळ्यांसमोर सांगा." संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी मालक आणि कामगार जमल्यावर मी चाचांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. चाचांनी नळीची हकीकत सांगितली, तशी जुन्या ड्रायव्हरची मान खाली गेली. मालक म्हणाले, "मिटव आता." मी चाचांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावले. त्याचा मला आजही पस्तावा नाही. चाचांचे उपकार मात्र फेडायचे राहिलेत; त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस त्यांना मालकासारखे मागच्या सीटवर बसवून माझ्या गावच्या किनाऱ्यावर नेणार आहे.