टीव्हीशेजारचं कार्ड

हडपसरला आमच्या शेजारी रंगनाथ राहतो. तो कारखान्यात लेथवर होता, मी छापखान्यात चाळीस वर्षं बाइंडर. आता दोघेही निवृत्त. या संक्रांतीला दोघांनीही माझ्या बायकोला, प्रमिलाला, हातानं केलेली शुभेच्छांची कार्डं दिली. तिनं त्याचं टीव्हीशेजारी उभं केलं आणि माझं खणात ठेवलं. मला ते झोंबलं.

मी शेवंतीच्या पाकळ्या पंधरा दिवस विटांखाली दाबल्या होत्या. कार्डाच्या चारी कडा सुतात होत्या. त्यानं हरभऱ्याची एक डहाळी चिकटवली होती, तीही वाकडी. डिंक बाहेर आलेला.

“याला कसले कष्ट पडले?” मी विचारलं.

“अहो, शेवंती तुम्ही मंडईतून आणलीत,” प्रमिला म्हणाली. “भाऊजींनी हरभरा दसऱ्याला कुंडीत पेरला. रोज पाणी घातलं, कबुतरं हाकलली. तुम्हीच हसायचात ना, रंग्या शेतकरी झाला म्हणून?”

हसायचो खरा. माझे पंधरा दिवस, त्याचे तीन महिने. जळफळाट काही कमी झाला नाही. पण ते कार्ड तिथून हलव, असं म्हणायला मला तोंड उरलं नाही.