बॉयलर पेटला त्या सालची

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी आशियाई कनिष्ठ मैदानी स्पर्धेसाठी भारतीय संघ रवाना झाला. मुलींच्या तीन हजार मीटर शर्यतीसाठी शिरूर तालुक्यातल्या एका मुलीची निवड झाली होती. ती गेली नाही. आदल्या मंगळवारी तिचं नाव वगळण्यात आलं होतं. त्याच्या आठ दिवस आधी जिल्ह्याच्या पानावर तिच्याविषयी चार कॉलमी बातमी छापून आली होती. ती बातमी माझी होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याच्या एका दैनिकाचा शिरूरचा वार्ताहर होतो. बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि नगरहून पुण्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, असं काम चाले. आकडा दोन ठिकाणी तपासल्याशिवाय लिहायचा नाही, हा आमच्या वृत्तसंपादकांचा नियम होता. तो मी पाळतो याचा मला अभिमान होता.

मुलगी कालव्याच्या भरावावर पळायची. तिच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी टेप लावून तो भराव मोजला होता आणि दर दोनशे मीटरला दगडावर गेरूची खूण केली होती. निवड झाल्याचं पत्र त्यांनीच मला दाखवलं. सोबत शाळेचा दाखला होता. जन्मतारीख एक जून.

आमच्याकडच्या शाळांत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहीत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी होता. माझ्या दाखल्यावरही एक जूनच आहे, आणि सालसुद्धा खरं नाही. मला लवकर शाळेत बसवायचं म्हणून वडिलांनी एक वर्ष वाढवून सांगितलं होतं. त्यामुळे दाखल्यावरच्या वयावर माझा विश्वास नव्हता. तिचं खरं वय शोधायचं ठरवून मी तिच्या गावी गेलो.

मुलगी पुण्यात शिबिरात होती. आई शेजारणीबरोबर कांद्याच्या चाळीत कांदा निवडत बसली होती. मी वही काढली.

"मावशी, मुलगी कोणत्या सालची?"

"कारखान्याचा बॉयलर पेटला त्या सालची. एकवीस पुरी." तिनं मान वर केली नाही. उत्तर लगेच आलं होतं.

"शाळेच्या दाखल्यावर तर एकोणीसच भरतात."

"शाळंचं काय सांगता दादा. सगळ्या गावाची पोरं काय एकाच दिशी झाली व्हय?"

शेजारीण हसली. "म्हंजी मास्तरच सुईण म्हणायचा!"

परतताना मी वाट वाकडी करून साखर कारखान्यावर गेलो. बॉयलर पहिल्यांदा पेटवल्याचं साल फाटकाजवळच्या फरशीवर कोरलेलं होतं. हिशेब केला. एकवीस बरोबर येत होते. आई आणि फरशी, दोन ठिकाणी तपासलं, असं मी धरलं. बातमीत 'एकवीस वर्षांची ही धावपटू' असं लिहिलं. कनिष्ठ गटाची वयोमर्यादा काय असते, हे मी सरांना विचारलं नाही. ती विचारली असती तर चूक मला लिहितानाच दिसली असती.

मंगळवारी संध्याकाळी सर मला एसटी स्टँडवर गाठायला आले. मी पाकीट घेऊन गाडीची वाट पाहत होतो. त्यांच्या हातात कात्रणाची झेरॉक्स होती.

"हे जोडून कुणीतरी हरकत घेतलीय. वीसच्या आतली स्पर्धा आहे. चौकशी होईपर्यंत नाव काढलं."

"पण सर, दाखल्यावरचं वय..."

"दाखल्यावरचं बरोबर आहे. तारीख खोटी, साल खरं. एकवीस कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिच्या आईनं."

त्यांनी झेरॉक्सची घडी घातली. मग म्हणाले, "फॉर्म मी भरला होता. मला एकदा विचारायचं की राव."

त्यांच्या स्कूटरवरून आम्ही दोघं गावी गेलो. आईला आधी काय झालं ते कळेना. कळलं तेव्हा ती उंबऱ्यात खाली बसली.

"दुष्काळात रोजगार हमीवर तळ्याचं काम निघालं हुतं. पोरगी सोळाची. अठराच्या आत घेत न्हाईत. कारकुनाला सांगितलं, बॉयलरच्या सालची हाय. तवापास्नं वही-पेन घिऊन कुणीबी आलं की त्येच सांगती. तुमी बसल्याबसल्या वही काढली, दादा."

ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचा उतारा मिळाला तर नाव परत घालू, असं संघटनेकडून सरांना फोनवर सांगण्यात आलं. ग्रामसेवकाकडे दोन गावं होती. मुलीच्या गावाचा वार गुरुवार. गुरुवारी कळलं की जुनी नोंदवही तालुक्याला जमा आहे. शुक्रवारी अनंत चतुर्दशीची सुट्टी. शनिवारी संघ गेला. उतारा सोमवारी दुपारी हातात आला. त्यावर नोव्हेंबरमधली तारीख होती. साल शाळेतलंच. वय एकोणीसच्या आत.

मी खुलासा लिहून पाठवला. तो बुधवारी बाजारभावांच्या खाली तीन ओळींत आला. 'वार्ताहराच्या चुकीमुळे' हे शब्द मी लिहिले होते. छापताना ते काढले गेले.

त्याच आठवड्यात मुलगी पुण्याहून परत आली. स्टँडवर मी तिला गाठलं. माफी मागायला मी दोन वाक्यं ठरवून गेलो होतो. तिनं पहिलंच पुरं होऊ दिलं नाही.

"माझं राहू द्या, दादा. आई जेवत न्हाई. तिला वाटतंय तिच्यामुळं झालं. तुमचं चुकलं म्हणून तिला सांगा तेवढं."

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि सांगितलं. मावशींनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"तुमचं काय चुकलं? म्या सांगितलं त्येच लिवलं तुमी. लबाडी माझी."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चहा घ्या म्हटलं. त्यानंतर त्या घरी माझं जाणं झालं नाही. चार वर्षांनी त्या वारल्याचं सरांकडून कळलं. शेवटपर्यंत त्यांचं काय म्हणणं होतं, हे मी विचारलं नाही.

पुढची आशियाई कनिष्ठ स्पर्धा दोन वर्षांनी झाली. तेव्हा ती वयात बसत नव्हती. वरिष्ठ गटात ती दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेली, त्यापुढे नाही.

माझी बदली पुढे दौंडला झाली. तिथल्या एका शाळेत ती क्रीडाशिक्षिका होती. तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी बातमीसाठी गेलो, तेव्हा ती टेबलावर मुलांचे कागद लावत होती. प्रत्येक दाखल्याला जन्मनोंदीचा उतारा टाचलेला होता. ज्याला नव्हता, त्याला तिनं परत पाठवलं. "आज्जीला इचारून ये म्हणलं का मी? ग्रामपंचायतीत जा."

मला तिनं खुर्ची दिली. जुन्या गोष्टीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. नोकरीच्या कसल्याशा अर्जासाठी ओळखीचा पुरावा म्हणून तिनं पासपोर्ट आणला होता. तो टेबलावर होता. पाहू का, असं विचारून मी तो उघडला. निवड झाली त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काढलेला, मुदत दहा वर्षांची. ती मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. आतल्या पानांवर एकही शिक्का नव्हता.