ओम का जिंकला

मंडळी, आज डोकं फिरलंय.

संध्याकाळी आम्ही टीव्हीवर एक विनोदी कौटुंबिक मालिका बघत होतो. आजच्या भागात एका अतिहुशार मुलाला तितकीच हुशार मुलगी टक्कर देते. भाग संपताच एकलहऱ्याहून आलेले माझे दीर म्हणाले, "चला, आपल्याकडेही होऊन जाऊ दे."

माझी स्वरा आणि त्यांचा ओम, दोघंही झटपट तोंडी गणितं शिकवणाऱ्या अबॅकसच्या क्लासला जातात, म्हणून दोघांना सारखीच गणितं घातली. हवेत बोटं नाचवत स्वरा भराभर पुढे गेली आणि शेवटची सगळी गणितं चुकली. दिरांनी टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरात तिला विचारलं, तर म्हणाली, "मुद्दाम चुकवली गं. ओम हरला की काका दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत."

दीर बाहेर चहाची वाट बघतायत. चहा राहू दे, मी बोलायला जातेय. तुम्ही गप्प बसला असतात का?