नकलवही बंद करायचा आठवडा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीत कारखाने उभे राहत होते आणि आमच्या सरकारी कचेरीत नवंकोरं मराठी टंकयंत्र आलं, त्याच्यामागोमाग मी. दापोडीहून सायकल मारत यायचो आणि बसल्या बसल्या खडखडाट सुरू करायचो. माझ्या वेगाचा मला भारी माज होता.

डोकं फिरायचं ते नकलवहीमुळे. पत्राखाली कार्बनचा कागद घालून मी प्रत काढायचोच, तरी टाइप केलेलं प्रत्येक पत्र आमचे नकलनवीस टाक दौतीत बुडवून एका जाड वहीत पुन्हा उतरवत. ते चऱ्होलीचे, पिकल्या मिशांचे. माझी दहा पत्रं हातावेगळी होईपर्यंत त्यांचं एक व्हायचं. साहेबांकडे तक्रार मीच केली. साहेब म्हणाले, आठवडाभर तुमच्या कार्बनच्या प्रती पाहू. चालल्या तर वही बंद. मी खूश. वही बंद म्हणजे नकलनविसांची जागाही बंद, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात मी नीट पाहिलं. गावागावांतून माणसं यायची, आपला अर्ज वर गेला का म्हणून विचारायची. माझी प्रत दाखवली की नुसतीच उभी राहायची. नकलनवीस मात्र वही उघडून त्यांचं बोट ओळीवर ठेवायचे. "ह्यो बघ तुजा अर्ज. हितं तुजं नाव." माणूस शाईवरून बोट फिरवायचा आणि हसत घरी जायचा. माझी मलाच लाज वाटली.

शनिवारी साहेबांनी एका तातडीच्या पत्राची प्रत मागितली. पत्र सकाळीच टपालात गेलेलं. मी कागद पुढे केला, तो कोरा! कार्बन उलटा होता, त्यामुळे सगळी अक्षरं मूळ पत्राच्या पाठीवर उमटली होती. सही करताना साहेब पान कधी उलटत नसत. नकलनविसांनी वही आणली. पत्र तिच्यात शब्दन् शब्द होतं. साहेबांनी माझी बिनपाण्याने हजामत केली आणि शेरा मारला: यंत्राचा भरवसा नाही, नकलवही चालू ठेवावी.

संध्याकाळी नकलनवीस माझ्या टेबलाशी आले. "राव, चार म्हयनं बघतोय. तुमचा कारबन कदी उलटा न्हवता."

मी यंत्रावर झाकण घालू लागलो, पण हसू काही आवरेना. मग तेही हसले, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर. इतका आनंद मला कुठल्याच शाबासकीने झाला नाही.

तो शेरा मी निवृत्त होईपर्यंत कुणी बदलला नाही. नवे टंकलेखक कुरकुरायचे, ही जुनाट वही अजून कशाला? मी त्यांना साहेबांचा शेरा दाखवायचो, अगदी गंभीर चेहऱ्याने.