डोळ्यांवर पट्टी असलेली शेवंताताई

भूत, भानामती, अंगात येणं... मी यातलं कधीच काही मानलं नाही. आमच्या घरात देव्हारा नव्हता, भिंतीवर मिटल्या डोळ्यांच्या बुद्धाची तसबीर तेवढी. शाळा सहावीतच सुटली माझी, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा इथे सुरतेला नातू मोबाइलवर गेम खेळत होता. त्यातल्या हिरोचे डोळे केसांआड, शेवटपर्यंत दिसतच नाहीत. मी म्हटलं, "याले दिसते कसं रे?"

"आजोबा, त्याचे डोळे म्हणजे आपणच ना!"

आणि मला माझी थोरली बहीण आठवली — शेवंताताई.

दुष्काळ सरल्यानंतरचा उन्हाळा. कामरगावजवळचं आमचं गाव. बाबा ज्यांच्याकडे सालाने कामाला होते, त्यांच्या खळ्यातलं पेव त्या सकाळीच उघडलं होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच. उघडल्यावर दिवसभर वारा लागू द्यायचा, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा विषारी, कोणी उतरायचं नाही. हे मला ठाऊक होतं! पण आत छान ऊन पडलेलं दिसलं...

आम्ही आंधळी कोशिंबीर खेळत होतो. आमच्याकडे त्यात लपायलाही चाले. शेवंताताईवर राज्य, डोळ्यांवर बाबांचा दुपट्टा. मी पेवात उतरलो. पाय लटपटले, हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. डोळे मिटले. पुढचं सगळं ऐकीव.

ताई तेव्हा गाडरस्त्यापलीकडे, निंबाखाली होती. पोरं चिडवत होती, "ए आंधये, इकडे ये वं!" ती मध्येच थांबली. पोरांकडे पाठ केली, रस्ता ओलांडला, खळ्यात आली आणि पेवाच्या काठावर उभी राहिली.

"बाबा, दोर आणा! बबन्या खाली हाये!"

बाबा गोठ्यातून धावत आले आणि कमरेला दोर बांधून, श्वास कोंडून उतरले. चौघांनी ओढलं. मी बाहेर आलो तरी तिने पट्टी काढली नव्हती. चाचपत माझ्या तोंडाला हात लावला, "सापडला" म्हणाली, मग सोडली. गडी धरल्याशिवाय पट्टी सोडायची नाही, असा नियम होता ना!

नंतर मी विचारलं, "तुले कसं समजलं वं?"

"मले दिसून राह्यला होता तू. ज्वारीवर पालथा."

"पट्टीतून?"

"पट्टी सोडली असती, तं दिसला नसता."

धान्याचा वास आला म्हणावं, तर वारा तिच्याकडून खळ्याकडे होता. पावलं ऐकली म्हणावं, तर मध्ये रस्ता आणि पोरांचा कालवा. अजूनही लिफ्टचं दार लागलं की माझा जीव घाबरा होतो, आणि मी तिचं नाव घेतो. जगलो तो तिच्यामुळे.

परवा फोनवर तिला नातवाचं बोलणं सांगितलं. म्हटलं, "मंग त्या दिवशी तुहे डोये कोन होतं वं?"

"तूच असशीन," म्हणाली.

पण मी तर खाली डोळे मिटून पडलो होतो...