मसाल्याला घाम येईपर्यंत

आमच्या चुलत सासूबाईंना, म्हणजे काकूंना, चूलसुद्धा घाबरायची. ओलं लाकूड असो, वारा उलटा असो, काकूंनी पदर खोचून नुसतं पाहिलं की जाळ गुमान धरायचा. सिरसाळ्यापासून गेवराईपर्यंत कुठल्याही सोयऱ्याकडं लग्न निघालं की भटजीच्या आधी काकू ठरायच्या. आमटी त्या कधी चाखत नसत. वाफेवर तळहात धरायच्या, नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ अजून मूठभर."

सगळ्यात नवलाची सवय म्हणजे आमटीच्या मोठ्या डेगेत मसाला पडला की त्या डेगेकडं पाठ करून बसत. मसाला परतायचा सराटा दुसरीच्या हातात द्यायच्या आणि आपण मिसरी लावत रस्त्याकडं बघत राहायच्या. कुणी काही म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "घाम येऊस्तर परत. आला की सांगते." हा घाम म्हणजे काय, ते त्यांनी कधी फोडून सांगितलं नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, तेल सुटून वर येतं तो घाम. शेजारीण म्हणायची, परतणारीच्या कपाळाला येतो तोच. मी मुळात बोलायला भिणारी, त्यामुळे विचारलंच नाही. एकदा गेवराईच्या लग्नात नवरदेवाचे मामा जेवणासाठी ओरडायला लागले, तर काकू मागं न वळता म्हणाल्या, "पाव्हणं, जरा गप बसा. मला काय बी ऐकू यीना." मामा खरंच गप बसले. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. त्या काय ऐकत होत्या, हे कुणाच्या मनात आलं नाही.

मग तो दुष्काळ आला. दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी घातली आणि तिथल्या माणसांसाठी एक वेळ येसर आमटी नि भाकरी; रांधायला काकू नि आम्ही. भाजलेल्या धान्याचं येसर घरोघरी डब्यात होतं. तेल आणि पाणी तेवढं नव्हतं. एका दुपारी टँकर मांजरसुंब्याच्या वाटेवर बंद पडला, आणि "त्या ड्रायव्हरला बघतेच" म्हणत काकू संस्थेच्या जीपमध्ये बसल्या. जाताना सराटा माझ्या हातात दिला.

"एकच टिपाड पानी हाय. मसाला करपला तर डेग धुवायलाबी न्हाई. घाम येऊस्तर परत."

"काकू, पण घाम..." एवढं मी म्हणेपर्यंत जीप फाट्यावर पोचली होती.

ऊसतोडीहून त्याच दिवशी परतलेली माणसं ताटल्या घेऊन बसली होती. मसाला कच्चा राहिला तर उपाशी पोटांना बाधणार, करपला तर सगळेच उपाशी. जाऊबाई म्हणाल्या, "ओत की आता!" शेजारीण म्हणाली, "थांब, तुजं कपाळ कोरडं हाय अजून." मी डेगेत डोळे घालून बघत होते, पण तेल इतकं थोडं की तवंग दिसणार कुठून? धुरानं डोळे भरले. तेव्हा मला काकूंची बसायची तऱ्हा आठवली. मी सराटा जाऊबाईंना दिला आणि डेगेकडं पाठ केली. समोर एवढी माणसं माझ्याकडं बघत होती, म्हणून डोळेच मिटून घेतले. आधी नुसती तडतड होती, ओल्या कांद्याची. ती हळूहळू विरली. मसाल्यातली ओल सरली आणि खालून बारीक, एकसारखी चुरचुर यायला लागली.

"पानी!" मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दिवस कलताना काकू टँकर घेऊन आल्या. पंगत उठली होती. त्यांनी रिकाम्या डेगेच्या काठाला बोट लावलं आणि चाखलं. कधी न चाखणाऱ्या काकूंनी. मग वळून ड्रायव्हरला म्हणाल्या, "बघ रे बाबा, तुज्यावाचून काय अडलं का?"

आता काकू मुलाकडं पुण्याला असतात. तिथं त्यांना गॅसजवळ जाऊ देत नाहीत. गावात पंगत असली की फोन येतो. नवरी कुठली, मांडव केवढा, काही विचारत नाहीत. मी फोन डेगेजवळ धरते आणि पाठ करून उभी राहते. पलीकडं नुसता श्वास ऐकू येतो. मग त्या म्हणतात, "आला."

हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. घाम कधीच आलेला असतो, मला कळलेलं असतं. मी चुलीतली दोन लाकडं मागं ओढते आणि त्यांच्या "आला"ची वाट बघते.