हीटरचा रकाना

इंजिनाला थंडी वाजते हे मला खाडीवरच्या एका कोळ्याने शिकवलं, आणि ते मान्य करायला मला पाच वर्षं लागली. तेवढी पाच वर्षं त्या माणसाचं नाव माझ्यामुळे खराब राहिलं. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी चोरी केली नाही. एका रजिस्टरात काही खुणा होत्या आणि मी गप्प बसलो, एवढंच झालं.

कल्याणातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेंटेनन्स बघतो. लिफ्ट, पाण्याचे पंप, एसी आणि मागच्या अंगणातला जनरेटर. यांतला जनरेटर सगळ्यात आळशी. वर्षाचे बहुतेक दिवस तो नुसता उभा असतो, पण लाइट गेली की दहा-बारा सेकंदांत आपणहून सुरू होऊन त्याने अख्ख्या इमारतीचा भार उचलायला हवा. झोपेतून उठल्या उठल्या माणसाच्या पाठीवर पोतं दिलं तर तो कोलमडेल, इंजिनाचंही तसंच. म्हणून त्याच्या कुशीला थर्मासएवढा एक हीटर बसवलेला असतो. तो इंजिनातलं पाणी चोवीस तास कोमट ठेवतो. बर्फाच्या मुलखात म्हणे लोक आपल्या गाड्यांनाही असा हीटर लावतात. आमच्याकडे मे महिन्यात घाम पुसायला दोन रुमाल लागतात, आणि इंजिनाला शेक! मला त्या हीटरचं हसू यायचं, आणि मी ते लपवत नसे.

जनरेटरवर सकाळच्या पाळीला जे ऑपरेटर होते त्यांना सगळेच काका म्हणत. साठीला टेकलेले, डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या गावचे, कंत्राटदारामार्फत आलेले. शाळा चौथीपर्यंत. पण अर्धं आयुष्य होडीच्या आणि रेतीच्या बोटींच्या इंजिनांवर गेलेलं. गावात कुणाचं इंजिन सुरू होईना की अजून काकांनाच बोलावणं यायचं, आणि त्यांनी हात लावलेलं इंजिन पाण्यात कधी बंद पडलं नाही असं त्यांच्या गावात बोललं जायचं. हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं, एकदाच, आणि सांगताना मान जरा वर झाली होती. त्या माणसाकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं आणि ते पुरेसं होतं.

सकाळी सहाला आले की चप्पल काढून ते आधी इंजिनावर तळहात ठेवायचे. आईने पोराचा ताप बघावा तसा. गरम लागलं की मग रजिस्टर उघडून खुणा करायच्या: डिझेल, ऑइल, बॅटरी, हीटर. प्रत्येकाचा एक रकाना आणि शेवटी सही.

त्या वर्षी दसऱ्याला मी हीटर बंद केला. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो, त्यांना विसावा देतो. जनरेटरलाही झेंडूचा हार असतो. आदल्या वर्षी कोमट इंजिनावर हार दुपारपर्यंत पापडासारखा झाला होता आणि मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी पूजेला आल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं. शिवाय, ज्याला विसावा द्यायचा त्याचा एकच भाग राबत का ठेवायचा, असंही मनात आलं. म्हणून मी हीटरचं बटण बंद केलं, त्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली. हार संध्याकाळपर्यंत ताजा राहिला. दुसऱ्या दिवशी हीटर पुन्हा चालू करायचा होता. मी केला नाही. आधी विसरलो आणि मग आठवूनही केला नाही, कारण ऑक्टोबरच्या उन्हात जनरेटर दर आठवड्याच्या चाचणीला झटक्यात सुरू होत होता. बघा, म्हटलं, काही गरज नाही.

काकांना अर्थातच पहिल्याच सकाळी कळलं. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नसतंच, मला ते साहेब म्हणायचे आणि पुढे तू. इंजिन गार लागतंय, किल्ली दे, म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, थंडी पडली की बघू. मग रजिस्टरात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. तपासणीला येणारे ऑडिटवाले एक रकाना रिकामा दिसला तरी दहा प्रश्न विचारतात. मी म्हटलं, खूण करत जा, मी आहे ना.

मी आहे ना. किती सहज बोलून गेलो.

दिवाळी झाली. शहाडकडून नदीवरचं धुकं सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीपर्यंत यायला लागलं, वॉचमनने कानटोपी चढवली. काकांनी आणखी दोनदा किल्ली मागितली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा समोर दोन वायरमन उभे होते, आणि आपल्याला कुणीतरी आपलं काम शिकवतंय हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, काका, मशीन मी बघतो, तुम्ही तुमची झाडलोट बघा. त्या दिवसाच्या रकान्यातही त्यांची खूण होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी पावणेसातला लाइट गेली. लिफ्टच्या तपासणीसाठी मी लवकर आलो होतो. डायलिसिसची पहिली बॅच नुकतीच लागलेली, चार माणसं चार खुर्च्यांवर. अंगणात जनरेटर खोकला, दोन गचके खाऊन गप्प झाला. पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा प्रयत्न करून त्याने हात टेकले आणि पॅनलवर लाल दिवा लागला. इंजिन जुनं, बॅटरीही पहिल्या उमेदीची नाही. ऊब होती तोवर दोघांची लाज राखली जात होती.

मी धावत वर गेलो. डायलिसिसच्या मशीनला अशा वेळेसाठी एक दांडी असते. ती हाताने फिरवून नळीतलं रक्त माणसाच्या अंगात परत ढकलायचं. दोन सिस्टर होत्या आणि माणसं चार. एक दांडी मी धरली, एक वॉर्डातल्या मावशींनी. माझ्या हाताखालच्या नळीत एका अनोळखी माणसाचं रक्त हळूहळू सरकत होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खाली काकांनी काय केलं ते मला नंतर वॉचमनने सांगितलं. त्यांनी कँटीनमधून चहाच्या आधणाचं पाणी आणलं, गोणपाटं त्यात भिजवून इंजिनाला गुंडाळली, वरून आणखी पाणी ओतत राहिले. थंडीच्या दिवसांत होडीवर असंच करतात. ॲम्ब्युलन्सची बॅटरी काढून जोडली. दहा-बारा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. काकांचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते.

चौघांपैकी तिघांना काही झालं नाही. एका वयस्कर बाईंच्या नळीत रक्त गोठलं आणि ते टाकून द्यावं लागलं. त्या वाचल्या, पण त्यांना वरून रक्त चढवावं लागलं आणि त्यांच्या मुलाने रीतसर तक्रार केली. करायलाच हवी होती.

दुपारी ॲडमिनिस्ट्रेटरच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो: ते, कंत्राटदाराचा माणूस, मी, आणि हातांना पट्ट्या बांधलेले काका. हीटर बंद होता हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, पण पेटीची किल्ली कुणाकडे हे कुणी विचारलं नाही. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. दसऱ्यापासून त्या सकाळपर्यंत एकही दिवस न चुकता हीटरच्या रकान्यात खूण, आणि खाली सही. ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांनी काकांना विचारलं, हीटर बंद असताना चालू म्हणून खुणा कुणी केल्या?

काकांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी रजिस्टराकडे बघत राहिलो.

"सही माझीच हाय," काका म्हणाले.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या मुलाचं बारावीचं वर्ष आहे, नोकरी गेली तर काय, असं काहीबाही मी नंतर स्वतःला सांगत आलो. ते सगळं खोटं. दोन वायरमनसमोर ज्या माणसाला मी झाडलोट बघायला सांगितली होती, तो बरोबर होता हे मला तिघांसमोर म्हणायचं नव्हतं. कंत्राटदाराच्या माणसाने काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. मी संध्याकाळी ड्रॉवरमधून किल्ली काढून हीटर चालू केला.

मग पाच वर्षं. गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या मासळी बाजारात एका बाईंनी मला ओळखलं. त्या काकांच्या सूनबाई, हॉस्पिटलात कधीतरी डबा द्यायला यायच्या. बोंबील निवडता निवडता मी काकांची चौकशी केली. त्या सहज सांगत गेल्या. बरे आहेत, घरीच असतात, जाळी शिवतात. बोटीवर जात नाहीत. घरात कुणी इंजिनाला हात लावू देत नाही त्यांना, हॉस्पिटलातली मशीन त्यांच्या हातून बंद राहिली ना, माणसं मरता मरता वाचली. गावातही आता कुणी बोलवत नाही. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात काही टोमणा नव्हता, आणि तेच मला लागलं. त्या मला भला माणूस समजत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलातल्या नव्या ॲडमिनिस्ट्रेटरना सगळं सांगितलं. जुने केव्हाच ठाण्याला गेले होते. नव्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, जुनी गोष्ट आहे, सोडून द्या. इतक्या स्वस्तात सुटका झाल्यावर मला आणखीच शरम वाटली. तिथे कुणालाच काका आठवत नव्हते. त्यांची बदनामी जिवंत होती ती फक्त त्यांच्या घरी आणि गावात.

रविवारी सकाळी मी गावात गेलो. काका ओटीवर जाळं पसरून बसले होते. हातांवरचे डाग अजून दिसत होते. मी उभ्यानेच सुरुवात केली, की हीटर मी बंद केला होता, खुणा करायला मीच सांगितलं होतं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मना काय सांगतंस? मना ठाव हाय." मग त्यांनी आत हाक मारून मुलाला आणि सुनेला बाहेर बोलावलं. "यांना सांग."

मी सांगितलं. दसऱ्यापासून सगळं, वायरमनसमोर काय बोललो तेही. कुणी मला खाली बस म्हटलं नाही. शेजारच्या ओट्यावरची दोन माणसंही ऐकायला येऊन उभी राहिली, आणि काकांनी त्यांना हटकलं नाही.

मुलगा वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, पाच वर्षं तू आमाला सांगितलंस का नाय?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, म्हातारा दुसऱ्यावर ढकलतंय," काका म्हणाले.

मुलाने मान खाली घातली. ते तसंच म्हणाले असते. सूनबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या. मी काकांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. मी बोलायला उशीर केला, आता हेही उशिराच, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"चाय पिऊन जा, साहेब," ते म्हणाले. "पन परत येव नको."

मी चहा उभ्यानेच संपवला, कप ओटीच्या कडेला ठेवला आणि निघालो. पुन्हा त्या गावात गेलेलो नाही.